मांडव दर्यावर गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं शीड आहे आणि फुगणं हा माझा धर्मच आहे. तेव्हा गोष्टीत थोडी बढाई आली तर पोटात घाला. बेलापूरच्या खाडीवर दिवाळे नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या गोटीरामने आणि त्याच्या बायकोने, भागीरथीने, जाड मांजरपाट जोडून मला अंगणात शिवलं. खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढलं, त्याने मी तांबूस झालो. माझ्यात पहिल्यांदा वारा शिरला तेव्हा वाटलं, आता मुंबई बंदर काय, आफ्रिकाच गाठतो!

कितीतरी वर्षं मी होडी ओढली. सकाळी ओहोटी आणि जमिनीवरून सुटणारा वारा घेऊन जायचं, दुपारी भरती आणि दर्यावरचा वारा घेऊन यायचं. गावात माझा काय रुबाब होता! मग एकाहत्तर सालच्या सुमाराला मशीन आलं. तेव्हा खाडीकाठच्या शेतांत नव्या शहराच्या खुणेचे दगड रोवले जात होते आणि जो तो नव्याच्या मागे होता. मच्छीमार सोसायटीच सांगू लागली, शिडाचे दिवस गेले, मशीन लावा, डिझेल आम्ही देऊ. गोटीरामने मशीन बसवलं. वारा असो नसो, होडी धडधडत पळायची. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. डोलकाठी भिंतीकडेला आडवी झाली आणि माझ्यावर भागीरथी जवळा वाळवू लागली.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात गोटीरामच्या लेकीचं, काशीचं, लग्न निघालं. नवरा घारापुरी बेटावरचा, शिवा नावाचा. मांडवाला कापड पुरेना, म्हणून मला धुऊन छतावर ताणलं. खाली उंबराची फांदी बांधलेली मेढ, म्हणजे मांडवाचा मानाचा खांब, उभी राहिली. चला, जवळ्यापेक्षा हे बरं, असं म्हणून मी खूश होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळीच सोसायटीच्या पंपावरचा सुभाष पडेल चेहऱ्याने आला. "काका, डिझेल नाय. आज येल म्हनत होते, पन गाडीच आली नाय."

"नाय म्हंजे? मंग नवरा कसा आनू?" गोटीराम म्हणाला.

"अरबांची नि इस्रायलची लडाई झाली ना, रेडिओवर सांगतान. तेलवाल्या देशांनी नळच आवळलाय. सगल्या जगान टंचाई हाय."

"लडाई त्यांची, नि माझे पोरीचा नवरा कसा अडकला र?"

अडकलाच होता की! नवऱ्याला आणि वऱ्हाडाला मुलीकडच्या होडीने आणायचं ठरलं होतं. बेटावर होत्या लहान डोंग्या. त्यांतून एवढ्या बायकापोरांना खाडी ओलांडून आणणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि मुहूर्त गोरजाचा. तो टळला तर हळद लागलेली पोर तशीच घरात बसायची. मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? काशी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पोरीचा रंग उडाला होता.

तेवढ्यात भागीरथीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "शीड हाय ना आपलं," ती म्हणाली. आहाहा! माझा धागा धागा ताठ झाला.

पण गोटीरामचा थोरला भाऊ पोपट आडवा आला. "येडी झालीस का? लग्नाआधी मांडव मोडतान? पोरीचा संसार उघड्यावर पडल."

आमच्याकडे अशा वेळी धवलारणीचा शब्द शेवटचा. लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, विधी लावते, ती धवलारीण. वेणूबाई काठी टेकत मेढीपाशी आली. फांदी नीट बांधलीय का ते तिने चाचपून पाहिलं.

"मेढ हलवू नका," ती म्हणाली. "मेढ उभी तवर मांडव उभा. छप्पर नवऱ्याला आनाला चाललाय, त्यान काय मोडलं? उलट नवरा मांडवाखालूनच येल. उचला."

पोपटनेच पुढे होऊन माझी पहिली दोरी सोडली. वेणूबाईने माझ्या कोपऱ्याला हळद लावली, आणि कोण धावपळ! कुणी डोलकाठी उचलली, कुणी दोर शोधले. ओहोटी लागली होती, पाठीवर वारा होता. मी असा फुगलो की काठी करकरली. होडीत वेणूबाई धवले म्हणत होती, सुकाणूवर गोटीराम पोरासारखा ओरडत होता. घारापुरीजवळून समोर तेलाच्या जहाजांचा धक्का दिसला. एकही जहाज नव्हतं.

नवरा आणि वऱ्हाड घेऊन येताना दुपारचा वारा जोरात सुटला आणि माझी एक शिवण टरकन उसवली. गोटीरामने दोर थेट नवऱ्याच्या हातात दिला. शिवा लहान डोंगी वल्हवणारा गडी, शिडाचा दोर त्याने कधी धरला नव्हता. मुंडावळ्या कानामागे सारून तो दोराला लटकला. तळहात सोलले, पण सोडलं नाही. आम्ही दिवाळ्याच्या धक्क्याला लागलो तेव्हा गुरं परतत होती. मला भराभर मांडवावर चढवलं आणि माझ्याखाली काशीचं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. सुभाष धापा टाकत डिझेलचा डबा घेऊन आला, कुठून मिळवला देव जाणे. मी मनात म्हटलं, झालं, आपला एक दिवसाचा सण संपला. गोटीराम मशीनकडे वळला, तशी काशीने त्याचा हात धरला.

"बाबा, मशीन नको. त्याचे धडधडीन काय ऐकू येत नाय. मना तुझ्याशी बोलाचा हाय."

मित्रांनो, भागीरथीने माझी शिवण घातली आणि आम्ही निघालो. घारापुरीपर्यंत बाप-लेक सुकाणूपाशी बसून बोलत होती. मी सगळं ऐकलं. ते मी कुणाला सांगणार नाही.

गोटीरामने मशीन टाकलं नाही, पण डोलकाठीही पुन्हा उतरवली नाही. ऐंशी साली तेलाच्या मुलखात आणखी एक लढाई पेटली, तेव्हा दिवाळ्याची बाकी मशीनं अडली, आमची होडी मात्र चालू होती. तुम्ही नवं जरूर घ्या, मशीनशी माझं आता वैर नाही. पण दुसऱ्याच्या हातातल्या नळावर सगळा संसार टांगू नका. घरचं जे आहे त्याला अधूनमधून ऊन दाखवा, उसवलं तर वेळीच टाका घाला. आता माझं कापड विरलंय. वारा मात्र अजून रोज दुपारी येतो आणि मला हलवून जातो.