नव्या नळ्या

दादाचा उजवा हात मनगटापासून काढला, त्याला तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी धाकट्याने वखार उघडली आणि लाकडं फोडायच्या यंत्रावरची ताडपत्री ओढून काढली.

यंत्र वडिलांच्या वेळचं. इंजिन ठणठणीत, पाचर शाबूत; पण पंपातलं तेल सिलिंडरकडे नेणाऱ्या रबरी नळ्या सुरकुतून भेगाळल्या होत्या. "बदल त्या," असं दादा वर्षभर कानीकपाळी ओरडत होता. धाकटा म्हणायचा, "चालतंय की अजून," आणि भेगेवर चिकटपट्टीचा आणखी एक वेढा मारायचा.

मग एके दिवशी यंत्राचा जोर कमी झाला. गळतंय कुठे ते पाहायला दादाने चालू यंत्राची नळी तळव्याने चाचपली. केसाएवढ्या भोकातून प्रचंड दाबाने तेलाची धार सुटली ती कातडी भेदून थेट हातात शिरली. वर फक्त टाचणीएवढा ठिपका.

"दाखवून येऊ का रे?" दादाने विचारलं. दवाखान्याचं नाव स्वतःहून काढणारा तो माणूस नव्हे.

धाकटा हसला होता. "मुंगी चावली म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का? धू आणि ये. गाडी भरायचीय."

संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला. "लगेच आणलं असतं, तर हात बहुतेक वाचला असता," डॉक्टरांनी धाकट्याला व्हरांड्यात सांगितलं. घरी त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्याने जुनं तेल डब्यात उतरवलं. गंजलेल्या नटांवरून पाना दोनदा सटकला, बोटांची सालं निघाली. दुपारपर्यंत चारही नळ्या बसल्या. तेल भरून त्याने इंजिन चालू केलं, सिलिंडरचा दट्ट्या पुढेमागे करून आतली हवा काढली. मग जोडांजवळून कोरडा पुठ्ठा फिरवला. पुठ्ठा कोरडाच राहिला. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम.

इंजिनाचा आवाज ऐकून दादा बाहेर आला. उजव्या बाहीचं रिकामं टोक वहिनीने दुमडून टाचलं होतं.

"गळतंय?"

"थेंबही नाही."

"चांगलं झालं."

धाकट्याने इंजिन बंद केलं. "दादा, त्या दिवशी लगेच गेलो असतो ना, तर..."

"माहीत आहे. डॉक्टर मलाही बोलले."

"मग इतके दिवस गप्प का राहिलास?"

"बोलून हात उगवतो का?" दादाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकट्याला सोसला असता. शिव्या खायची त्याने मनाची तयारी केली होती.

"वखारीचं तू बघ आता," दादा म्हणाला. "मला हाक मारू नकोस. यंत्राचा आवाज ऐकला की नसलेली बोटं ठणकतात."

तो वळला. घराचं दार डाव्या हाताने उघडायला त्याला वेळ लागला. धाकटा दोन पावलं पुढे गेला आणि तिथेच थांबला.

दार लागल्यावर धाकटा यंत्रापाशी परत आला. पुढ्यात ओंडका पडला होता. तो पाचरीखाली धरायला एक माणूस लागायचा आणि दांडा ओढायला दुसरा. त्याने तो एकट्याने उचलून पाहिला. गुडघ्यापर्यंत आला आणि हातातून सुटला. धाकटा त्याच ओंडक्यावर बसला. यंत्र पुन्हा चालू करायला काही त्याचा हात धजला नाही.