कोऱ्या चाव्या

नव्या पाळकसाहेबांनी देवाला चाव्यांच्या कामाला जुंपल्यापासून चावीवाल्याचा धंदा जोरात होता. योजना सोपी होती. रविवारी उपासना संपली की ज्याला जे हवं, त्याची चावी त्यानं वेदीवर ठेवायची. घर हवं तर घराची, गाडी हवी तर गाडीची. घरच नाही तर त्याची चावी कुठून आणायची, अशी शंका कुणीतरी काढली, तेव्हा चर्चतर्फे पितळेच्या कोऱ्या चाव्या वाटायला सुरुवात झाली. विश्वास पुरेसा असला की त्यांचे दाते वरून पाडून मिळतात, असं पाळकसाहेब सांगत. आणि नाही पडले, तर दोष कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

कोऱ्या चाव्या चावीवाला पुरवायचा. रविवारी मागच्या बाकावर बसून तो दात-ओठ खायचा आणि सोमवारी खोकं भरून द्यायचा.

"राग नाकावर आणि पैसे गल्ल्यात," बायको म्हणायची. "बरं जमतं तुम्हाला."

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. उभं राहिलं की डोकं पायरीला लागे. तिथे एके दिवशी दुपारी त्याची आई आली. गुडघ्यांमुळे ती सहसा घराबाहेर पडत नसे. तिनं पदराची गाठ सोडून एक कोरी चावी काढली आणि आजूबाजूला बघून हळूच फळीवर ठेवली.

"हिला दाते पाड."

"कुठल्या कुलपाचे?"

"कुठलेही. बंगल्यासारखे दिसतील असे."

चावीवाल्यानं मशीन बंद केलं. "तू कधीपासून बंगला मागायला लागलीस?"

"माझ्यासाठी नाही रे, तुझ्यासाठी. पाळकसाहेब म्हणाले, आई, तुम्ही एवढी वर्षं गुडघे टेकलेत आणि पोरासाठी काही मागितलंच नाहीत, म्हणून तो जिन्याखाली राहिला. खरंच आहे. मला सुचलंच नाही कधी." ती आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या विश्वासानं काही दाते पडेनात. सगळ्यांसमोर कोरीच चावी परत काय न्यायची? तू मशीनवर पाडून दे. पाळकसाहेबांना सांगू नकोस."

"आणि देवाला?"

"त्याच्याशी बोलणं बंद आहे सध्या. सकाळची बसत नाही मी. कुठल्या तोंडानं बसू?"

चावीवाल्याला आठवत होतं तेव्हापासून ती रोज सकाळी खाटेशेजारी बसत आली होती. घरात भांडण असो, आजारपण असो, चहा त्यानंतरच व्हायचा.

"मग एवढी वर्षं काय बोलायचीस?"

"बोलायचे कुठे? नुसती बसायचे त्याच्याजवळ. बरं वाटायचं."

चावी तशीच कोरी तिच्या हातात ठेवून त्यानं आईला रिक्षात बसवून दिलं. मग तयार असलेलं खोकं उचललं आणि तो थेट पाळकसाहेबांच्या ऑफिसात गेला. तिथे चांगला गारवा होता.

"हे ठेवा. शेवटचं. याचे पैसे नकोत."

"आईंचं काही मनावर घेतलंत का?" पाळकसाहेबांचा आवाज मधाळ होता. "वय झालंय त्यांचं. त्यांना आशा द्यायला हवी."

"तिच्याकडे देव होता. तुम्ही तिला गिऱ्हाईक केलंत."

"चाव्या तुमच्याच दुकानातल्या आहेत, हे विसरू नका."

"विसरलो नाही. म्हणून तर अजून आवाज चढवला नाही." पण तो चढलाच. "रविवारी तिच्यासमोर उभं राहून सांगा, तिचं काही चुकलं नव्हतं म्हणून."

"मंडळीचा विश्वास डळमळेल."

"कशावरचा?"

पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चावीवाले काय, दुसरेही मिळतील."

"मिळतील ना. मी मिळालोच होतो की."

घरी बायकोला त्यानं सांगितलं, चर्चचं काम सोडलं. ती बराच वेळ भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "राहू दे. भिंती काही मागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईच्या खोलीत गेला. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कोरी चावी उशाशी होती. त्यानं ती उचलून खिशात टाकली आणि खाटेशेजारी खाली बसकण मारली.

"काय रे?"

"बसलोय."

"काय मागायचंय?"

"काही नाही."

ती कुशीवर वळली. "रागावलायस?"

"हो."

"देवावर?"

"नाही. त्याच्या दुकानदारांवर. आणि माझ्यावर." त्यानं मान वर केली नाही. "राग घेऊन बसलं तर चालतं का?"

आई उठली. खाटेचा कठडा धरून, कण्हत कण्हत खाली आली.

"तुझ्या बापाशी लग्न झाल्यापासून मी दुसरं काय घेऊन बसत होते," ती म्हणाली. "सरक जरा."