दोरी ओढणारा आत बसतो

“उन्हात राहू दे त्याला अजून. गार रबर कुणाचं ऐकत नाही,” तात्या खुर्चीतून म्हणाले.

लेकीने काळ्या रबराचं वेटोळं उचललं, गालाला लावून पाहिलं आणि पुन्हा तापलेल्या पत्र्यावर पसरलं. एक बाजू खरंच गार होती. तात्यांनी रबराला हातही लावला नव्हता. त्यांना हे लांबून कसं कळतं, हे तिला लहानपणी कळलं नव्हतं आणि आता केस पांढरे व्हायला लागले तरी कळत नव्हतं.

वर्कशॉपच्या अंगणात पिकअप उभी होती. गोल कपाळाची, फुगऱ्या गालांची, आता कुठे बनत नाही अशी. मधवाल्याच्या वडिलांनी ती घेतली आणि तिच्यातून मधमाश्यांच्या पेट्या फुलोऱ्यामागे रानोरान फिरवल्या. ते गेल्यावर मधवाला फिरवत होता. मग एका वादळात झाडाची फांदी समोरच्या काचेवर आली. आता तिथे नुसतं भगदाड होतं. समोरून पाहिलं की गाडी आ वासून बसल्यासारखी दिसे.

दुसरी काच मिळवायला मधवाल्याने भंगाराचे सगळे अड्डे पालथे घातले होते. शेवटी एका बंद पडलेल्या वीटभट्टीमागे याच गाडीची बहीण गंजून पडलेली सापडली. तिची काच तेवढी शाबूत होती. ती त्याने रजयांत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणली होती, दवाखान्यातून लेकरू आणावं तशी.

“ताई, एक विचारू का?” तो म्हणाला.

“सकाळपासून तेच विचारताय. हो. दोरी तात्याच ओढणार.”

“तसं नाही हो. तुमच्यावर पण विश्वास आहे माझा.”

“दिसतोय.”

“नाही म्हणजे, ही गेली तर दुसरी नाही ना कुठे. गाडी मग भंगारातच घालावी लागेल. वडिलांची गाडी हो.”

ती साबणाचं पाणी बादलीत ढवळत राहिली. मागच्या पावसाळ्यात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबता राहिला. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. वर्कशॉप लेकच चालवत होती. दाराच्या काचा, खिडक्या, टेम्पोच्या मागच्या काचा, सगळं ती बसवी. गिऱ्हाईक येई, काम बघे, मान डोलवी आणि जाताना विचारी, “तात्या कधी येणार?” त्याचा तिला राग येत नसे. तिलाही तेच विचारायचं होतं.

आणि काल मधवाला घरी येऊन पिकअपचं नाव काढतो काय, आणि तात्या खुर्चीतून उठून चपला शोधतात काय!

आईने तिला नळापाशी गाठलं. चहाचा थर्मास घेऊन ती तात्यांच्या मागोमाग आली होती, पण तिचं लक्ष चहात नव्हतं.

“नाही म्हणता येत नव्हतं तुला?”

“कुणाला? त्यांना? तू म्हणून बघ.”

“मी म्हटलं. आज सकाळी चपला त्यांनीच घातल्या, उलट्या. तशाच निघाले.” आईने पदराने मान पुसली आणि आवाज खाली आणला. “हे बघ, काच गेली तर गेली. तो माणूस रडेल चार दिवस. पण ह्यांच्या हातून गेली ना, तर हे परत त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. लिहून ठेव.”

सकाळपासून ती जे मनातल्या मनात टाळत होती, ते आईने सरळ नळावर आणून ठेवलं होतं.

“ताप आला का रबराला?” तात्यांनी हाक दिली.

रबर आता मऊ झालं होतं. काच रजयांवर आडवी ठेवून तिने तिच्याभोवती रबर चढवायला घेतलं. या रबराला दोन खाचा असतात, एकमेकींना पाठ लावून बसलेल्या. आतल्या खाचेत काच बसते. बाहेरच्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड बसायची असते, आणि खरी गोम तिथे आहे. काच बाहेरून लावायची, पण पत्र्याची कड रबराच्या आत जायला हवी. बोटांनी ते होत नाही. स्क्रू ड्रायव्हर घातला तर काच जाते. म्हणून त्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची आणि तिची दोन टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. मग एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि आत बसलेल्याने दोरी ओढत जायची. दोरी निघता निघता रबराचा ओठ, म्हणजे खाचेची आतली कड, उचलते आणि पत्र्यावरून आत पालथा पाडते. दोरी सगळी निघाली की काच बसलेली असते. ना खिळा, ना गोंद.

लहानपणी हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोरी संपल्यावर ती काचेच्या मागे जाऊन आली होती. काच कशाला धरून आहे ते बघायला.

आत बसून दोरी ओढायचं काम मिस्त्रीचं. बाहेरून दाबायचं काम हाताखालच्याचं. या वर्कशॉपमध्ये आत नेहमी तात्या आणि बाहेर ती. ते आजारी पडल्यापासून दोरीचं एकही काम तिने घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगे, रबर मिळत नाही.

तिने खाचेत साबणाचं पाणी सोडलं आणि दोरी दाबत नेली. कोपऱ्यांत अंगठ्याने, सरळ कडेला नखाने. टोकं एकमेकांवरून घेतली. हात आपोआप चालत होते.

मग तिने आणि मधवाल्याने काच उचलली. काच साधी चपटी नव्हती, दोन्ही बाजूंना हलकी वळलेली होती. उभी करताच तिच्यात अख्खं आभाळ आलं, ढगांसकट. मधवाला पुटपुटला, “बापरे.” ते दोघं आभाळ धरून पावलापावलाने गाडीकडे चालले. आई हात जोडल्यासारखी उभी राहिली आणि मग आपण हात जोडलेत हे ध्यानात येऊन तिने ते पदराखाली घेतले.

तात्या डावा हात टेकत गाडीत चढले. सलग बाकासारख्या सीटवर ते मधोमध बसले. त्यांनी उजवा हात डाव्याने उचलला आणि नीट मांडीवर ठेवला.

“दाबा,” ते म्हणाले. “ढकलू नका. दाबा.”

त्यांनी टोक धरलं आणि ओढलं. रबर कुरकुरलं, ओठाचा थोडा भाग पत्र्यावरून आत पडला. तिच्या जिवात जीव आला. आणखी थोडा पडला. मग दोरी थांबली. तात्यांनी जोर लावला. दोरी ताणली, रबर एका जागी गोळा झालं, काच तिच्या तळव्याखाली तिरकी झाली आणि कुठूनतरी ‘टक्’ असा आवाज आला.

“गेली!” मधवाला ओरडला.

“हलू नका,” तात्या म्हणाले. “कुणीच हलू नका.”

सगळे जिथल्या तिथे थिजले. तिने डोळे मिटले होते. काचेतून आत बघायची तिची छाती होत नव्हती. काचेचा तडा परवडला असता, पण तिला तात्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

“काच नाही गेली,” तात्या म्हणाले. “रबर सुटलंय. काढा बाहेर, सावकाश.”

काच पुन्हा रजयांवर आली. तात्या खाली उतरले, तिच्याजवळ आले आणि पायाच्या अंगठ्याने खालच्या मधल्या जागेकडे खूण केली. तिथे दोरीची दोन टोकं एकमेकांवरून गेली होती. आता तिलाही दिसलं. वर असतं ते टोक आधी ओढायचं असतं. खालचं ओढलं तर ते वरच्या दोरीखाली अडकतं. तिने वर घेतलेलं टोक उजवीकडे जाणारं होतं. तात्यांच्या डाव्या हाताने त्याच्या जवळचं, डावीकडचं टोक धरलं होतं.

“तू दोरी उजव्या हाताची घातलीस,” तात्या म्हणाले.

वर्षभर त्या हाताला तिने तेल लावलं होतं, सदऱ्याच्या बाहीत तो घालून दिला होता. आणि दोरी घालताना तिच्या बोटांनी तो हात धडधाकटच गृहीत धरला होता.

“माझंच चुकलं, तात्या.”

“माझं पण. मी बघितलं नाही. तू घातलीय म्हटल्यावर काय बघायचं?” त्यांनी वाकून दोरीच्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “आता परत घालू नकोस.”

आई पुढे झाली. “बास झालं आता. घरी चला.”

“परत घालू नकोस म्हणजे,” तात्या तिच्याकडे न बघता लेकीला म्हणाले, “बदलू नकोस. उजव्या हाताचीच राहू दे. तू आत बस.”

“मी?”

“तुझा उजवा हात आहे ना जागेवर?”

“आणि बाहेर कोण?” मधवाला घाबरून म्हणाला. “तात्या, तुम्ही? अहो, तुम्ही दाबणार कसे?”

“हात गेलाय,” तात्या म्हणाले. “वजन कुठे गेलंय? हिला विचार, रोज उठवते मला.”

“पोतं बरं त्यापेक्षा,” आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तात्या हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

सुटलेलं रबर लेकीने आणि मधवाल्याने पुन्हा चढवलं, निघालेली दोरी होती तशीच खाचेत दाबली. ती गाडीत चढली. त्या सीटवर ती या कामासाठी कधीच बसली नव्हती. काच आली, भगदाडावर टेकली आणि बाहेरचं जग एकदम गप्प झालं. एका बाजूला मधवाला, एका बाजूला तात्या. त्यांनी आपला लोंबता हात डाव्याने उचलून काचेवर ठेवला, त्यावर खांदा टेकला, खांद्यावर सगळा देह टाकला आणि गाल काचेला लावला. तिच्या तोंडापासून वीतभरावर त्यांचा गाल काचेवर चपटा झाला होता. पांढरे खुंट, कानाजवळची जुनी खूण. त्यांचा चेहरा इतक्या जवळून तिने कधी निरखला नव्हता.

तिने टोक धरलं आणि ओढलं. ओठ उचलला गेला आणि झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा सावकाश आत वळला. दोरी जिथून निघे, तिथेच तात्यांचं वजन येई. ती काही सांगत नव्हती. त्यांना तर दोरी दिसतही नव्हती, डोळे मिटलेले होते. गालाला कळत होतं. खालची कड झाली, उजवा कोपरा आला. कोपऱ्यात रबर अडलं. तिने ओढणं थांबवलं.

काचेपलीकडून आवाज आला, बारीक, खोल विहिरीतून यावा तसा. “घाई नको. ते येतंय.”

आणि ते आलं. कोपरा वळला, बाजू वर चढली. मग तिने दुसरं टोक घेतलं आणि डावीकडून तशीच वर गेली. शेवटी दोन्हीकडची दोरी डोक्यावर मधोमध भेटली. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा रबराने ‘फट्’ असा एक छोटा आवाज केला आणि दोरी तिच्या मांडीवर पडली, ओली, साबणाची. तिने काचेला हात लावला. काच गाडीची झाली होती. कधी वेगळी होती असं वाटूच नये, इतकी.

मधवाला दोन पावलं मागे सरला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचून परत घातली.

“पाणी मारून बघायचं राहिलं,” तात्या धापा टाकत म्हणाले.

तिने पाइप आणला आणि सवयीने त्यांच्यापुढे धरला. गळती बघताना पाइप नेहमी तात्यांच्या हातात असे. आत बसून कुठे थेंब येतो ते बघायला कुणालाही बसवत, तिला, गिऱ्हाइकाला, जो असेल त्याला. या वेळी त्यांनी पाइप घेतला नाही. दार उघडून ते स्वतः आत बसले.

तिने नळ सोडला. पाण्याची धार काचेच्या डोक्यावर लागली, फुटली आणि सगळ्या काचेवरून पडद्यासारखी उतरू लागली. तिने चारही कोपरे भिजवले, कडेकडेने धार फिरवली. आत तात्या डाव्या हाताने रबराच्या काठावरून बोट फिरवत होते. एक कोपरा, दुसरा कोपरा. मग त्यांनी बोट अंगठ्यावर घासून पाहिलं.

“कोरडं?” तिने ओरडून विचारलं.

त्यांनी मान हलवली. कोरडं. पण ते उतरले नाहीत. हात खाली घेऊन मागे टेकून बसले. पाणी त्यांच्या तोंडावर येत होतं आणि त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते वर बघत, धार जिथे फुटत होती तिथून खाली येत, पुन्हा वर बघत. आयुष्यभर त्यांनी लोकांना या काचांच्या मागे बसवलं होतं. वाहत्या पाण्यातून तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. तोंड थोडं उघडं होतं, एवढं मात्र दिसत होतं.

“बंद करू का?” तिने पाइप हलवून खुणेने विचारलं.

तात्यांनी काचेकडे बघतच हात वर केला. राहू दे.

आई नळापाशी येऊन उभी होती. “झालं ना तपासून? किती पाणी वाया घालवता,” असं म्हणत तिने तोटीला हात घातला.

“आई, थांब,” लेक म्हणाली. “बघतायत ते अजून.”

आईने वाकून गाडीकडे पाहिलं. मग तोटीवरचा हात काढून घेतला.