बुडाचा खटका

रिमोटच्या मागचं झाकण वहिनीला पलंगाखाली सापडलं.

हिरव्या बनातीवर मॅगझिन आडवं ठेवायचं आणि गोळ्यांची तोंडं भिंतीकडे करायची.

केबिनमधल्या खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा जास्त घासला आहे.

भावाच्या एका पँटची डावी बाजू कमरेपाशी विटली आहे. बाकीच्या सगळ्यांचीही.

एक गोळी सुटली. दुसरी सुटली नाही.

*

माझा भाऊ पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर फाटकाचा पहारेकरी होता. त्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन बटणाने सुटायचं. बटण चापाच्या मागे, मुठीच्या डाव्या अंगाला असतं. दाबलं की मॅगझिन आपोआप खाली घसरतं. दादा डावखुरा, पिस्तूल डाव्या कमरेला, त्यामुळे त्याचं बटण बाहेरच्या बाजूला यायचं. त्या दुपारी दोघं जण कुंपण कापून आत शिरले, तेव्हा मॅगझिन अर्धं बोट खाली सरकलेलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. नळीत आधीच चढवलेली गोळी सुटली. बाकीच्या मुठीतच राहिल्या.

चार महिन्यांनी त्याची जागा मला मिळाली.

*

शस्त्रांचं कोठार काका सांभाळतात. दादाला त्यांनीच शिकवलं, मलाही तेच शिकवतात. नवी पिस्तुलं दोन प्रकारची आली होती. आठवडाभर दोन्ही वापरून बघायची आणि शुक्रवारी एकासाठी सही करायची. सही झाली की नोकरी संपेपर्यंत तेच.

एक दादाच्यासारखं, बटणाचं. दुसऱ्याचा खटका मुठीच्या बुडाशी. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खटका मागे ओढायचा आणि त्याच हाताने मॅगझिन उपसून काढायचं. चुकून धक्का लागला म्हणून काही पडत नाही.

"कवळी बसवल्यासारखं आहे," काका म्हणाले. "धरून ओढल्याशिवाय येत नाही."

त्यांची स्वतःची कवळी बोलता बोलता सुटायची, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण थोडंच.

मग त्यांनी मला नीट समजावलं. मी उजवी, पिस्तूल उजव्या कमरेला. बटणाचं घेतलं तरी बटण पोटाकडे राहील, त्याला बाहेरून काही लागणार नाही. शिवाय बटणाचं पटकन बदलता येतं. वेळेला एक सेकंदही फार असतो. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, पण तू बुडाचंच घे. पण का, ते सांगितलं नाही. पुसलेली नळी पुन्हा पुसत बसले.

*

सोमवारी संध्याकाळी काकांनी दोन्ही पिस्तुलं मॅगझिनसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी कुलूप उघडलं, तर बुडाच्या खटक्याचं मॅगझिन पिस्तुलाबाहेर होतं. कपाटातल्या बनातीवर आडवं. गोळ्यांची तोंडं भिंतीकडे. काका माझ्यावर उखडले. बाकीचे पहारेकरी मॅगझिन हवं तसं टाकतात, ही सवय एकट्या दादाची होती. तू त्याची नक्कल करतेस आणि वर आत घालायला विसरतेस, असं म्हणाले. मी विसरले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर त्यांची सही, माझी सही. बुधवारी पट्टी शाबूत. मॅगझिन बाहेर. शेजारच्या बटणाच्या पिस्तुलाला कोणी हात लावलेला नव्हता.

गुरुवारी पट्टी शाबूत. मॅगझिन बाहेर, आणि आता मुठीत दुसरं मॅगझिन घातलेलं. जादा म्हणून खालच्या कप्प्यात ठेवलेलं होतं, ते.

"हात बसतोय त्याचा," काका म्हणाले. शिकणाऱ्याचं कौतुक करावं तसे म्हणाले, आणि मग स्टूल पुढे ओढून खाली बसले.

*

घरी मी वहिनीला हे सांगितलं. वाटलं होतं, ती मला वेड्यात काढेल. ती हात पुसून उठली आणि टीव्हीवरचा रिमोट घेऊन आली.

जायच्या आधी महिनाभर दादाचं एकच चाललेलं. रिमोट डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याने बुडाकडचं झाकण मागे ओढायचं, बॅटऱ्या काढायच्या, परत घालायच्या. पुन्हा तेच. वहिनी वैतागायची, बातम्या बघायच्यात की रिमोट सोलायचाय, म्हणून विचारायची. तो म्हणायचा, हाताला सवय लागली पाहिजे. कशाची, ते तिने विचारलं नव्हतं.

"झाकण कधीचं हरवलंय म्हणून मी रबर लावून ठेवलं होतं," ती म्हणाली. "सोमवारपासून रोज सकाळी रबर वेगळं, बॅटऱ्या वेगळ्या. टेबलावर शेजारी शेजारी. तोंडं भिंतीकडे."

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"तू त्याच खोलीत झोपतेस ना. घाबरली असतीस."

*

शुक्रवारी काकांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. मी पेन उचललं नाही. दादाने बुडाचं पिस्तूल मागितलं होतं का, एवढंच विचारलं.

काकांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"दोनदा मागितलं. जुन्या साठ्यात एक पडलं होतं. मी हसलो त्याला. म्हटलं, म्हाताऱ्यांचं आहे ते, तुला कशाला. डाव्या हाताने बटण तर्जनीने दाबावं लागतं, ते त्याला जड जायचं. म्हणून मी आतली स्प्रिंग कापली. दीड वेटोळं. आता बघ म्हटलं, लोण्यासारखं चालतं."

"मग चाललं?"

"चाललं की," काका म्हणाले.

काकांना बोल लावायला हवा होता, असं नंतर वाटलं. तेव्हा डोक्यात एकच होतं. एवढ्याशा बटणाने माझा भाऊ नेला, आणि ते मला अंगावर नको होतं. पोटाकडेही नको. मी उजवी होते, मला त्याचा धोका नव्हता. माहीत असूनही मी बुडाच्या खटक्यासमोर सही केली.

"त्याचं आहे हे," मी म्हणाले.

"त्याचं होतं. आता तुझं. नीट सांभाळ, पोरी."

*

सोमवार, दुपार. केबिनमध्ये टेबल, वही, खिडकी, खुर्ची. मी येणाऱ्या टँकरचे नंबर लिहीत होते. एक हात पेनावर, दुसरा वहीवर. उजवी कमर हलकी वाटली म्हणून मान वळवली.

मॅगझिन खिडकीच्या कठड्यावर होतं. आडवं. गोळ्यांची तोंडं भिंतीकडे.

कमरेच्या होल्स्टरच्या पट्ट्याचं बटण लावलेलंच होतं.

मी मॅगझिन उचलून आत घातलं. टक् करून बसलं. ओढून पाहिलं, पक्कं होतं. तेवढ्यात बाहेर कुंपण वाजलं. जिथे नवी तार जोडली आहे, तिथेच. थांबलं, आणि पुन्हा वाजलं, कोणीतरी वजन टाकून बघतंय तसं.

पिस्तूल दोन्ही हातांनी धरून मी दाराशी उभी राहिले. उजव्या हातात मूठ, तिच्या बुडाखाली आधाराला डावा तळवा. काकांनी शिकवलं तसं.

तळव्याखाली खटका हळूहळू मागे सरकू लागला. माझा अंगठा तिथे नव्हता.

"दादा," मी म्हणाले, "आत्ता नको."

खटका मागे गेला. मॅगझिन सावकाश, काळजीपूर्वक, माझ्या तळव्यावर उतरलं. बाहेर तार तुटल्याचा आवाज आला. नळीत एक गोळी होती.

*

केबिनमधली खुर्ची दादा गेला त्याच आठवड्यात, तो जायच्या आधी, सोमवारी आली. तिच्या आधीच्या खुर्चीला हात नव्हते, बटणावर घासेल असं काही नव्हतं.