कपड्यासकट वजन

गोदामात अकरा वर्षं वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईला सगळे काटेवालीच म्हणत. साथ ऐन भरात असताना तिला ताप आला, तपासणीत रोग निघाला, आणि आठवा महिना जेमतेम लागला तोच पोर बाहेर आलं. मुलगी. तळहाताएवढी. आईला ओझरती दाखवली आणि दोन मजले खाली काचेच्या पेटीत नेऊन ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, आईचा ताप उतरू दे, मुलीचं वजन वाढायला लागू दे, मग मास्क लावून तिला उघड्या छातीशी देऊ. अशा पोरांना आईच्या अंगाची ऊब लागते, हेही त्याच सांगत.

ताप चौथ्या दिवशी उतरला. काटेवाली दर तीन तासांनी दूध काढून खाली पाठवत होती. पण काल तेराशे वीस ग्रॅम भरलेली पोर आज बाराशे साठच भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आठवडाभर थांबू, डब्याचं दूध सुरू करू. सासूने व्हिडिओ कॉलवर डोळ्यांना पदर लावला. सुनेचं दूधच अंगी लागत नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. काटेवाली म्हणाली, आधी बघते, मग रडते.

खालच्या सिस्टरच्या मागे लागून तिने व्हिडिओ कॉलवर फोन काट्यासमोर धरायला लावला आणि परत वजन करवलं. पोर उघडी होती. बाराशे साठच.

"कालही अशीच उघडी तोलली होती का?"

सिस्टरला ठाऊक नव्हतं, काल दुसऱ्या सिस्टरची ड्युटी होती. तिला बोलावलं. आठवडाभर घर न पाहिलेली ती सिस्टर म्हणाली, पोर गारठू नये म्हणून कपड्यात गुंडाळूनच काट्यावर ठेवली, आणि कपडा तो केवढा, फुलासारखा.

"मग ते फूल ठेवा काट्यावर."

फूल ऐंशी ग्रॅम भरलं.

काटेवालीला हसू आलं, मग खोकल्याची ढास. गोदामात रिकाम्या पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय हमालसुद्धा मालाला हात लावत नाही, असं तिने दोघींना ऐकवलं. काल पोर खरी बाराशे चाळीस होती. आज वीसने जास्त.

हे कळताच डॉक्टरीणबाई तणतणत वर आल्या. इथे निर्णय कोण घेतं, असं त्यांनी विचारलं.

"तुम्हीच घ्या, बाई. औषधातलं तुम्ही म्हणाल ते ऐकेन," काटेवाली म्हणाली. "वजनातलं मला शिकवू नका. पोर वाढलीय, माझ्याच दुधावर वाढलीय, आणि माझा ताप उतरलाय. अट तुमची होती. मी फक्त पोर मागतेय."

बाईंनी कालचा नि आजचा आकडा पुन्हा पाहिला. कपड्याचाही पाहिला. मग डब्याच्या दुधावर काट मारली.

संध्याकाळी पोर वर आली. काटेवालीने मास्क लावून ती छातीशी धरली, वरून चादर ओढली आणि सासूला फोन लावून एवढंच सांगितलं की तुमची नात लाथा मारतेय.

तासाभराने सिस्टर न्यायला आली. काटेवालीने मान वर केली नाही.

"अजून वीस ग्रॅम होऊ द्या," ती म्हणाली.

सिस्टर खुर्ची ओढून बसली.