पुलावर थांबलेला ठिपका

माझ्या मुलाला ठिपक्यांचं वेड आहे. सुमेध ऑकलंडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बनवतो आणि सध्या त्याचा जीव आफ्रिकेत, मलावीतल्या एका जिल्ह्यातल्या मक्यात अडकलाय. तिथे मका ट्रकात चढायचा, गिरणीत पोचेपर्यंत निम्मी पोती गायब व्हायची आणि कागदावर मात्र सगळी पोचलेली असायची. म्हणून यानं ट्रकला एक डबी बसवली. डबी जिथे, तिथे नकाशावर ठिपका. ठिपका गिरणीत शिरला तरच माल आला, असं ठरलं.

दुसरा ठिपका मी. न्यू लिनला, ऑकलंडच्या उपनगरात, त्याच्याकडे राहायला आले, त्याच आठवड्यात यानं माझ्या फोनमध्येही तसलंच काहीतरी घातलं. 'हरवलीस तर?' म्हणे. सत्तरी ओलांडली, पण मी कधी हरवले नाही. इतका राग आला, की मी फोन उशीखाली ठेवून बाहेर पडायला लागले. ठिपका घरी, मी स्टेशनावर. याला पत्ताच नाही.

त्या संध्याकाळी तो ऑफिसातून आला आणि बूटही न काढता लॅपटॉपपुढे बसला. तिकडे तेव्हा सकाळ होती. बायकांच्या एका गटाचा मका पहिल्यांदाच व्यापाऱ्याला टाळून थेट गिरणीत चालला होता. गिरणीनं माल आणायला त्यांना तेवढी एकच सकाळ दिली होती. ती हुकली, की पुन्हा त्याच व्यापाऱ्याचं दार आणि तो देईल तो भाव. आणि ठिपका रात्रीपासून एका पुलावर उभा.

सुमेध उठायचा, खिडकीशी जायचा, परत येऊन बसायचा. मी केलेला चहा गार झाला. 'ड्रायव्हरनं माल परस्पर विकला असणार,' तो म्हणाला. मी उगाच धुतलेली भांडी पुन्हा लावत बसले. त्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या, तरी कान त्याच्या फोनकडे होते.

तेवढ्यात फोन आला. गटाची प्रमुख चिफुंडो बोलत होती. त्यानं स्पीकर लावला. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण कळतं. ट्रक पुलावर बंद पडला होता. बायकांनी आसपासच्या बैलगाड्या जमवल्या, पोती त्यांत चढवली, आणि आता गाड्या गिरणीच्या फाटकापुढे उभ्या होत्या. पहारेकरी आत सोडत नव्हता. त्याच्या स्क्रीनवर मका अजून पुलावरच होता, कारण डबी ट्रकमध्येच राहिली होती.

'तुम्ही त्यांना सांगा,' ती म्हणाली. आवाज थकलेला होता, पण विनवणीचा नव्हता.

तिला ऐकू जाऊ नये म्हणून सुमेधनं आपल्याकडचा आवाज बंद केला. 'गिरणीवाले म्हणतात, स्क्रीनवर दिसेल तेच खरं. मी इथून अराइव्ड, म्हणजे माल पोचला, असं टाकू शकतो, आई. पण हातानं कोणीच काही बदलू शकत नाही, हे सांगूनच तर आम्ही सिस्टिम विकली. ही खोटं बोलत असेल तर माझा जॉब जाईल.'

'फोटो मागव.'

'पाठवलाय तिनं. पोती, बैल, फाटक. कुठलंही फाटक असू शकतं.'

मी हात पुसले आणि त्याच्यासमोर बसले. 'काल दुपारी मी कुठे होते?'

'घरी.' त्यानं मोबाइलवर पाहिलंसुद्धा. 'हे काय, घरीच.'

'स्टेशनावर होते. परवाही. फोन उशीखाली होता.'

तो माझ्याकडे बघतच राहिला. आता ओरडणार, असं वाटलं. 'रोज? काय करतेस तिथे?'

'बसते. माणसं येतात, जातात. घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं रे.' हे सांगायचं नव्हतं मला. बोलून गेले.

तो लॅपटॉपकडे वळला. त्यानं अराइव्ड असं टाइप केलं. थोड्या वेळानं फोनमधून लोखंडी फाटक सरकल्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका. त्यानंतर सुमेधनं साहेबाला मेल लिहिली, काय केलं ते सगळं.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनावर गेले, तेव्हा फोन पिशवीत होता. चोरी उघडी पडल्यावर उशीखाली कशाला ठेवायचा? तिथे बसले होते आणि तो वाजला. भरदुपारी सुमेधनं कधी फोन केला नव्हता. ठिपका दिसला, की त्याचं भागायचं.

'साहेबाचं उत्तर आलं का?' मी विचारलं.

'नाही अजून. तू कुठे आहेस?'

'दिसत नाही का तुला?'

'ते काढून टाकलं मी सकाळी,' तो म्हणाला. 'तूच सांग.'