मखमली बाळाचं वजन

माझा उजवा हात जन्मतःच संपावर गेला. मला या जगात ओढून घेताना खांद्याजवळच्या शिरा ताणल्या गेल्या आणि तेव्हापासून तो नुसता सोबत असतो. लग्नकार्याला येतो, फोटोत येतो, कामाचं मात्र नाव काढत नाही.

उरलेल्या हाताने मी सोफे दुरुस्त करतो. खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, चुंबकाच्या हातोडीने अलगद उचलायचा आणि ठोकायचा. गिऱ्हाईक थोडा वेळ बघतं, मग न राहवून विचारतं, "चुकून गिळलात तर?" मी म्हणतो, "नाही गिळत. जेवण झालंय."

बायकोला सातवा महिना लागला तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, बाळाच्या वजनाचं काहीतरी घेऊन घरी सराव करा. लोक उशी घेतात. मी फोम, वाळू आणि कुणाच्या तरी सोफ्याची उरलेली मरून मखमल घेऊन अख्खं बाळ शिवलं. हात, पाय, लटपटणारी मान. चेहरा तेवढा नव्हता. पण आमच्या घराण्यात नाकीडोळी नीटस असं कुणीच नाही, त्यामुळे चालून गेलं.

बाळ माझं. कौतुक मेहुण्याचं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पार्सलच्या गोदामात होता. गोदाम दुसरीकडे गेलं आणि हा आमच्या बाहेरच्या खोलीत आला. त्याला दोन हात आहेत. तसे बऱ्याच जणांना असतात, पण ते इतकं दाखवत नाहीत. बाळाचं डोकं उजव्या कोपरात ठेवून तो डाव्या हाताने चहा ओतायचा, फोन घ्यायचा, वर दाढी खाजवायचा.

"बघ ना," बायको म्हणायची, "त्याच्याकडे गेलं की कसं शांत राहतं!"

"ते वाळूचं आहे," मी म्हणालो. "ते कुठेही शांतच राहतं."

"जळतोयस तू."

"वाळू जळत नाही."

"मी तुझ्याबद्दल बोलतेय."

एका सकाळी मेहुणा बाळाला थोपटत म्हणाला, "ताई, तू कामावर जायला लागलीस की मी इथेच राहतो. बाळाचं मी बघतो. भावोजी सोफ्यांचं बघतील. नाजूक माल हाताळायची मला सवय आहे."

ठरलं होतं वेगळंच. बायको चष्म्याच्या दुकानात परत रुजू होणार, मी घरी काम आणणार आणि दिवसभर बाळ माझ्याकडे राहणार. आता ती "नाही, ठरलंय आमचं" म्हणेल म्हणून मी वाट बघितली. ती म्हणाली, "विचार करू."

मी बाळाला काखोटीला मारलं आणि शिवण तपासतो सांगून माझ्या दुकानात नेलं. पाठ उसवली. डाव्या अंगातली वाळू उजव्या अंगात भरली, डावीकडे फोम कोंबला आणि परत शिवून टाकलं. आता डाव्या हातावर घेतलं की बाळ आपणहून छातीशी लवंडायचं. उजव्या हातावर घेतलं की बाहेर, थेट जमिनीकडे. मी आयुष्यात शिवलेली ही सगळ्यात सुबक गोष्ट होती.

संध्याकाळी मेहुण्याने बाळ उचललं, चहाकडे हात नेला, आणि नाजूक माल धप्पकन फरशीवर.

"अरेरे," मी म्हणालो.

त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा धप्प. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला पाणी आणून दिलं.

एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. बायको ही मेहुण्याची बहीण आहे. म्हणजे मला हे माहीत होतं, लग्नात सांगितलं होतं सगळ्यांनी. पण उजव्या कोपरात डोकं ठेवायची सवय माहेरचीच आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

"आण इकडे, धसमुसळ्या," म्हणत तिने बाळ घेतलं. ते तिच्याही हातून निसटलं. डोक्यावर पडलं. तिने उचललं, दोन्ही हातांनी घट्ट धरून पाहिलं, पुन्हा कोपरावर घेतलं, पुन्हा गेलं. मग ती आतल्या खोलीत गेली.

मी मागोमाग गेलो. ती पलंगाच्या कडेवर पोटावर हात ठेवून बसली होती.

"कालपर्यंत येत होतं मला," ती म्हणाली. "आज काय झालं?"

"वजन एका बाजूला गेलंय त्याचं."

"वाळू सरकली होय?" तिचा चेहरा उजळला.

"हो" म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण रोज बाळ उचलताना तिला शंका आली असती, वाळू चुकली की आपला हात.

"सरकवली," मी म्हणालो. "तुझ्या भावासाठी."

"निर्लज्ज आहेस."

"तू विचार करू म्हणालीस."

"मग? करायला नको विचार? एका हाताने बाळ धरशील, मग लंगोट कशाने बांधशील? किती दिवस विचारायचंय मला. पण विचारलं की तू विनोद करतोस."

मला लगेच एक विनोद सुचला. तो मी गिळला. खिळा गिळणं सोपं गेलं असतं.

मी बाहेरून बाळ आणलं आणि जमिनीवर बसलो. डाव्या हाताने उजवा हात उचलून आडवा ठेवला आणि त्याच्या कुशीत बाळ टेकवलं. तो हात काही उचलत नाही, पण ठेवला तिथून हलतही नाही. लोडासारखा. बाळाच्या पायांवर गुडघा हलकेच टेकवला, तयार ठेवलेल्या लंगोटाचं एक टोक दातांत धरलं, दुसरं बोटांनी ओढलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा बसलं. मेहुण्याने एवढ्यात जुळ्यांचं उरकलं असतं. बायकोने मध्ये हात घातला नाही, हे तिला फार जड गेलं असणार.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "आता ते रडतंय."

आणि ती स्वतःच रडायला लागली. बाळासारखी, टाहो फोडून. दारातून मेहुण्यानेही सूर लावला. त्या गोंगाटात मला घाम फुटला, पण लंगोट बसला. वर दुपटं गुंडाळून मी बाळाला डाव्या हातावर घेतलं.

बायको थांबली. "दिवसा तुझ्याकडे," ती म्हणाली. मग भावाला म्हणाली, "तू रविवारी येत जा."

"मग मी नक्की कोण?" त्याने विचारलं.

"मामा. गप बस."

तेवढ्यात बेल वाजली. रडणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या होत्या. "अगं बाई, झालं पण? कळवलं नाहीत ते!" म्हणत त्या थेट आत आल्या, चष्मा न लावता माझ्या हातातल्या दुपट्यात डोकावल्या आणि हरखून म्हणाल्या, "अगदी मामावर गेलंय."

मेहुण्याने घ्यायला दोन्ही हात पुढे केले. मी दिलं नाही.